पहिली तीन प्रकरणं

नव्या लेखकाला एजंट मिळणं ही काय चीज असते, हे जो पहिलं पुस्तक बगलेत मारून दारोदार फिरलाय त्यालाच विचारावं. थोरलीला विचारलं असतं तर तिने नुसता हात हलवला असता. घरात ती थोरली, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम ठेवायची, खाचेत एकामागून एक भिंगं सरकवायची आणि मऊ आवाजात विचारायची, "आता बरं दिसतंय की मघाशी?" संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कादंबरी लिहायची.

लिहायची म्हणणं जरा जास्तच झालं. तिची तीन प्रकरणं लिहून झाली होती. चौथ्यासाठी ती रोज बसायची आणि रोज उठायची.

मोठे प्रकाशक लेखकाला परस्पर भेटत नाहीत, मध्ये एजंट लागतो. आणि एजंटकडे गर्दी इतकी की त्याला सगळं पुस्तक नको असतं. पहिली तीन प्रकरणं पाठवा, आवडली तर पुढचं मागवू, अशी सगळ्यांची रीत. आईच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने विचारलं, "एजंट कशाला गं? विमा काढायचाय की घर विकायचंय?" दुकानाचे मालक त्याहून व्यवहारी. ते म्हणाले, "हजारात एखाद्याला घेतात म्हणे. त्यापेक्षा आपल्या दुकानात बाई शिरली आणि तिला पहिलीच फ्रेम पसंत पडली, याची शक्यता जास्त."

त्या धंद्यात नवख्यांसाठी एक नियम सगळे कानीकपाळी ओरडून सांगतात: पुस्तक पुरं झाल्याशिवाय पाठवू नका. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. थोरलीने हिशोब केला की उत्तर यायलाच महिने जातात, कुणी पुढचं मागेपर्यंत आपण लिहून काढू. तिने तीन प्रकरणं पाठवली आणि सोबत ठोकून दिलं, "कादंबरी पूर्ण आहे." एकाला, मग दुसऱ्याला, मग दिसेल त्या पत्त्यावर. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी लिहिलं, "लेखन प्रामाणिक आहे, पण आमच्या यादीत बसत नाही." प्रामाणिक हा शब्द वाचला की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण कादंबरी पूर्ण आहे ही थाप त्याच पानावर असायची.

चौथं प्रकरण का होत नव्हतं, त्याचं कारण साधं होतं. पुढे काय झालं ते तिला माहीत नव्हतं.

कादंबरी धाकट्यावर होती. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी तो सायकलचं पंक्चर काढायला गेला. पंक्चरवाल्याकडे सायकल टाकून "आलोच" म्हणाला आणि गेला तो गेलाच. सायकल दुरुस्त होऊन तिथे उभी होती. पोलीस झाले, वर्तमानपत्रात फोटो झाले, ओळखीचे आणि अनोळखी सगळे विचारून झाले. शेवटी लोक विचारायचेही थांबले. आई थांबली नाही, पण ती तोंडाने काही विचारायची नाही. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की तिच्या हातातलं काम हातातच राहायचं, एवढंच. थोरलीने तीन प्रकरणांत त्याचं लहानपण लिहिलं, त्याची भांडणं लिहिली, ती सकाळही लिहिली. "आलोच" असं म्हणून तो कोपऱ्यावरून वळला, इथे तिसरं प्रकरण संपत होतं. आईला तिने एवढंच सांगितलं होतं की काहीतरी लिहितेय. कशावर ते सांगायची तिची छाती झाली नाही.

आणि मग एक दिवस दुकानात जेवणाच्या सुट्टीत मेल आली. "आपली पुढची प्रकरणं वाचली. सातव्या प्रकरणाने मला झोपू दिलं नाही. समक्ष भेटावं." खाली एका एजंटबाईंचं नाव आणि पत्ता.

थोरलीने मेल पुन्हा पुन्हा वाचली. सातवं प्रकरण. तिच्याकडे चौथ्याची पहिली ओळसुद्धा नव्हती. पाकिटांची अदलाबदल झाली असणार, दुसऱ्याच कुणाची कादंबरी आपल्या नावावर चढली असणार, हे तिला कळत होतं. सरळ तसं कळवावं, हेही कळत होतं. पण वर्षभर बंद दारांवर डोकं आपटलेल्या माणसासाठी एक दार किलकिलं झालं, तर तो आधी पाय आत घालतो आणि मग चूक कुणाची ते बघतो. तिने लिहिलं, "येते." आणि मूग गिळून बसली.

ज्या दिवशी जायचं होतं त्या सकाळी नेमकी आईच्या चष्म्याची काडी मोडली. मुलगी चष्म्याच्या दुकानात आणि आईचा चष्मा मोडका, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. थोरलीने घाईघाईत काडीला निळी चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाली, "आजच्या दिवस चालव. उद्या नवीन आणते." आईने चष्मा नाकावर ठेवला, तो एका बाजूला कलला. "सगळं जग कललंय," आई म्हणाली आणि हसली.

एजंटबाईंचं ऑफिस कपडे धुण्याच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यात ओलसर वाफेचा आणि साबणाचा वास होता. वर एकच खोली, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत किटली. भिंतींना लागून जमिनीवर हस्तलिखितांच्या थप्प्या होत्या, सुतळीने बांधलेल्या, कमरेपर्यंत आलेल्या. चालायला मध्ये जेमतेम वाट होती. थोरली अंग चोरून खुर्चीपर्यंत पोचली.

"या सगळ्यांना नाही म्हटलंय," एजंटबाई थप्प्यांकडे बघत म्हणाल्या. त्या साठीच्या असाव्यात, केस बारीक कापलेले, आवाज बँकेतल्या बाईसारखा. "न्यायला या म्हणून कळवते, पण कुणी येत नाही. बसा. चहा?"

"नको," थोरली म्हणाली.

"एक विचारते. पहिली तीन प्रकरणं छापून पाठवलीत, आणि पुढचं सगळं हाताने का लिहिलंत? प्रिंटर बिघडला होता का?"

त्यांनी टेबलावरचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. वर तिचीच छापील पानं होती. ती तिने उलटली. "आलोच" या शब्दानंतर पान संपलं आणि पुढच्या पानावर निळ्या पेनाने लिहिलं होतं, "प्रकरण चौथे."

अक्षर धाकट्याचं होतं.

ओळखायला तिला दुसरी ओळ वाचावी लागली नाही. तो पेन इतकं दाबून धरायचा की अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उठायची. शाळेत त्यावरून मार खायचा. तिने पान उलटं केलं आणि बोट फिरवलं. अक्षरं उठलेली होती.

"हे तुमच्याकडे कसं आलं?" ती म्हणाली. आवाज आपलाच आहे की नाही, तिला कळेना.

"कसं म्हणजे? तुमच्या भावाने आणून दिलं," एजंटबाई म्हणाल्या. "तुमची तीन प्रकरणं आली, मला बरी वाटली. पुढचं मागवावं असं मनात आलं, आणि मी कळवायच्या आतच हे दारात उभे. म्हणाले, ताईचं राहिलेलं आहे."

"कसे दिसत होते?"

एजंटबाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "तुमचा भाऊ, तुम्हाला माहीत. पोरसवदा आहेत. वीसेक वर्षांचे. हाताला काळं ग्रीस होतं, म्हणून मी पुसायला कागद दिला."

धाकटा आता पस्तिशीच्या घरात असायला हवा होता. थोरलीने टेबलाची कड धरली.

"काही म्हणाला?"

"मी विचारलं, तुम्ही का आणलंत, बाईंनीच पाठवायचं. तर म्हणाले, ताईने मला कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं आणि पुढचं लिहिलंच नाही. किती दिवस तिथे उभं राहायचं? म्हणून माझं मीच लिहीत लिहीत येतोय." एजंटबाईंनी खांदे उडवले. "लेखकांच्या घरची माणसं असंच काहीतरी बोलतात. माझ्याकडे एकाची बायको रडून गेली होती, तिला तिच्या नवऱ्याने दुसऱ्याच प्रकरणात मारलं म्हणून. मी लक्ष देत नाही."

खाली कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं आणि जमीन बारीक थरथरत होती. थोरलीला हसावं की ओरडावं ते समजेना. तिला ती पानं वाचायची होती. त्या क्षणी तिला पुस्तक नको होतं, नाव नको होतं, फक्त कोपऱ्यावरून वळल्यावर तो कुठे गेला ते हवं होतं. तिने चौथ्या प्रकरणात बोट घातलं. एजंटबाईंनी गठ्ठ्यावर हात ठेवला.

"ते तुम्हाला पाठ असेल. आता माझी पद्धत सांगते. मी शेवट कधी स्वतः वाचत नाही. शेवटचं पान लेखकाने माझ्यासमोर मोठ्याने वाचायचं. डोळे फसतात, कान फसत नाहीत. त्यानंतर मी हो किंवा नाही सांगते. वर्षाला एकच नवा लेखक घेते, आणि यंदाचा अजून घेतलेला नाही."

त्यांनी गठ्ठ्याच्या तळातून शेवटचं पान काढलं आणि तिच्या हातात दिलं. थोरली वाचू लागली. जगात कुठल्याही लेखकाने आपल्या पुस्तकाचा शेवट इतक्या भीत भीत वाचला नसेल.

"'आता फार उरलं नाही,'" तिने वाचलं. "'चौक ओळखीचा आहे. पंक्चरवाल्याच्या जागी आता फोनचं दुकान आहे, पण झाड तेच आहे. घरात आई खिडकीपाशी मटार सोलत बसली आहे. रेडिओ बारीक लावलाय. तिच्या चष्म्याची एक काडी सकाळीच मोडली, त्यावर निळी चिकटपट्टी आहे, आणि चष्मा कललाय.'"

ती थांबली.

"वाचा ना," एजंटबाई म्हणाल्या.

"हे कधी दिलं त्याने तुम्हाला?"

"झाले की दोन आठवडे. वाचा."

"'ताई घरी नाही,'" थोरलीने वाचलं. "'ती माझ्याच कामाला गेली आहे. मी खालचं दार ढकलतो. जिना चढतो. आपल्या मजल्यावर येतो. आईने पाऊल ओळखलं आहे, ती उठते आहे, तिला गुडघ्यांमुळे वेळ लागतो. मला घाई नाही. आई दार उघडते.'"

एवढंच होतं. खाली 'समाप्त' सुद्धा नव्हतं.

एजंटबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांनी ते उघडले आणि मान हलवली.

"पुस्तक मला हवंय," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मी ते अशा माणसाच्या टेबलावर ठेवीन की जो माझं म्हणणं टाळत नाही. पण हा शेवट नको. नव्या लेखकाची हीच खोड असते, सगळ्यांना शेवटी घरी आणून बसवतात. हरवलेला हरवलेलाच राहू द्या. वाचकाला चुटपुट लागली पाहिजे. कोपऱ्यावरच्या झाडापर्यंत आणा आणि थांबा. खालच्या दारापासून पुढचं सगळं काढा."

"आणि ठेवलं तर?"

"तर घेऊन जा. वाईट नाही. पण मग माझ्याकडून नाही." त्यांनी थप्प्यांकडे पाहिलं नाही, पण थोरलीने पाहिलं.

"घरी जाऊन विचार करून सांगू का?"

"विचार करायला गेलेल्यांचंच हे सगळं पडलंय." त्यांनी खणातून लाल पेन्सिल काढली आणि पानावर ठेवली. "मी कुणाच्या ओळीवर काट मारत नाही. लेखकाने स्वतः मारायची."

आता इथे आपण थोरलीला नावं ठेवायला मोकळे आहोत. ठेवावीतच. पण तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते आधी ऐकावं. तिच्या मनात आलं की कुणीतरी क्रूर थट्टा करतंय. मग आलं की चिकटपट्टी सकाळची आहे, थट्टा करणाऱ्याला ती दोन आठवड्यांपूर्वी कशी दिसेल. मग आलं की धाकटा आत्ता, या क्षणी, त्या झाडाखाली आहे. हे मनात येताच तिचे डोळे भरून आले, कारण तिचा त्यावर विश्वास बसला होता. पुरता बसला होता. आणि त्याच विश्वासाच्या खाली, तितकंच खरं, दुसरं काहीतरी बसलं होतं. दुकानातली सगळी वर्षं. लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवणं. त्या सगळ्या मेल. प्रामाणिक, पण यादीत न बसणारी. पुन्हा अशी खुर्ची मिळणार नव्हती. हजारात एक, मालक म्हणाले होते.

तिने स्वतःला समजावलं की कागदावर काट मारल्याने जिन्यातलं माणूस अडत नाही. तो येत असेल तर येईलच. पायाने येणाऱ्याला पानाची काय गरज. हे तिने मनातल्या मनात फार समंजस आवाजात म्हटलं, ज्या आवाजात ती गिऱ्हाइकांना सांगायची की नंबर वाढलेला नाही.

तिने पेन्सिल घेतली. "मी खालचं दार ढकलतो" पासून शेवटपर्यंत एक लाल रेघ ओढली.

काही झालं नाही. खालचं यंत्र तसंच घरघरत राहिलं. एजंटबाई उठल्या आणि किटली लावायला खिडकीकडे वळल्या. थोरलीने सहज पान हातात घेतलं, तेव्हा तिचं बोट मागच्या बाजूवरून फिरलं. कागद गुळगुळीत होता. तिने पान उलटं केलं, उजेडात धरलं. वरच्या ओळींची अक्षरं मागे उठलेली होती. काट मारलेल्या ओळींची बसली होती, नव्या कोऱ्या कागदासारखी.

"अभिनंदन," एजंटबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "आता चहा घ्याल ना?"

थोरलीने चहा घेतला नाही. कराराची पानं तिने कशी घेतली, जिना कसा उतरला, तिला नंतर आठवेना. रस्त्यात ती आधी झपाझप चालत होती. चौकाच्या अलीकडे ती धावू लागली, हातातली पर्स अंगावर आपटत होती आणि लोक वळून बघत होते. झाडाखाली कुणी नव्हतं. फोनच्या दुकानातला माणूस शटर अर्धं ओढून बाहेर उभा होता. तिने विचारलं, "इथे आत्ता कुणी मुलगा उभा होता का?"

"होता की," तो म्हणाला. "दुपारपासून होता. मघाशी तुमच्या इमारतीकडे गेला. मला वाटलं तिथलाच आहे."

खालचं दार उघडं होतं. जिना रिकामा होता. मधल्या वळणावर कठड्याला काळा डाग होता, बोटांचा, ग्रीसचा. त्याच्या वरच्या पायऱ्या स्वच्छ होत्या.

आई घराच्या दारात उभी होती. दार सताड उघडं, तिच्या हातात मटाराची एक शेंग, चष्मा नाकावर कललेला. ती जिन्याकडे बघत होती, थोरलीकडे बघून न बघितल्यासारखी.

"तू होतीस होय," आई म्हणाली. "मघाशी कोण आलं होतं गं?"

"कधी?"

"आत्ताच. पाऊल वाजलं. मला वाटलं..." तिने वाक्य सोडून दिलं. "उठायला वेळ लागतो मला. येते, येते म्हणून ओरडले पण. निम्म्या जिन्यापर्यंत आलं आणि थांबलं. मध्येच. कुणी मागून दंड धरावा तसं थांबलं. मी दार उघडून म्हटलं, कोण आहे, वर या. मग खाली गेलं. सावकाश गेलं, जायचं नसल्यासारखं."

थोरली तिथेच पायरीवर बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला स्वतःची किळस येत होती, आणि ती किळस कुठे ठेवावी ते समजत नव्हतं. आई हळूच वाकली, कठड्याला धरून, आणि तिच्या शेजारी बसली.

"दमलीस. काय झालं तुझ्या त्या एजंटकडे? नाही म्हणाल्या का?"

"घेतलं त्यांनी," थोरली म्हणाली. "पुस्तक निघणार."

आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलांवर मोडली. "बघ. मी म्हणत नव्हते? आणि अशी सुतकी तोंड करून बसलीस. मला सांगितलंसुद्धा नाहीस, कशावर लिहिलंस ते."

थोरली खाली वळणाकडे बघत राहिली.

"त्याच्यावर," ती म्हणाली.

हातातली शेंग आईने सोलली, दाणे तळहातावर घेतले आणि खाल्ले नाहीत. मग अगदी हलक्या आवाजात, गोष्ट ऐकणाऱ्या मुलीसारखं तिने विचारलं, "मग शेवटी घरी येतो ना गं तो?"

"येत होता," थोरली म्हणाली.